रुपरावांच्या बंदुकीची चौकशी

बंदुकीचं लायसन रिन्यू करायचं, एवढ्याशा कामासाठी रुपराव आठवड्यात तिसऱ्यांदा शहरात, धंतोलीतल्या डॉक्टर नूपुर यांच्या दवाखान्यात येऊन बसले होते. काटोलकडच्या त्यांच्या संत्र्याच्या बागेत रानडुकरांनी उच्छाद मांडला होता आणि लायसनची मुदत सोमवारी संपत होती. मुदत संपली की बंदूक ठाण्यात जमा, आणि बाग डुकरांच्या हवाली.

मेडिकल सर्टिफिकेट कधीच मिळालं होतं. घोडं अडलं ते पोलीस चौकशीत. हवालदार धर्मेंद्र यांनी डॉक्टर नूपुर यांना फोनवर सहज विचारलं, "माणूस फिट आहे म्हणता, तर मंग दोन वर्षांपासून तुमच्याकडे काहून येऊन राहिला?"

"ते पेशंटचं खासगी आहे. मी सांगणार नाही."

हवालदारांनी इमानेइतबारे कागदावर लिहिलं, 'डॉक्टर माहिती देण्यास तयार नाहीत.' झालं! मग ते गल्लीत घरोघर विचारत फिरले, "रुपरावांचं डोकं ठिकाणावर आहे ना?" तेव्हापासून शेजारच्या कुसुमताई भाजीची वाटी हातात न देता कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून पळू लागल्या. वीस वर्षांचा शेजार, पण कोण विचारतो.

आज मात्र रुपराव बायकोला आणि हवालदारांना, दोघांनाही सोबत घेऊनच आले होते.

"डॉक्टरीणबाई, सांगून टाका न यायले," ते वैतागून म्हणाले. "तुमच्या गुपितापायी मी गावात पागल ठरून राहिलो."

"लेखी संमती द्या. कोणाला सांगायचं, किती सांगायचं, तेही लिहा."

आता कागदावर कागद! रुपरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी पेन ओढलं आणि लिहिलं, 'सगळं सांगा. सगळ्यांसमोर सांगा.' खाली सही ठोकली.

"सगळं नका लिहू जी," प्रेमिलाबाई हळूच म्हणाल्या.

"तू चूप बस वं."

डॉक्टरांनी फाइल उघडली. संमतीत लिहिलं होतं म्हणून दारही उघडं ठेवलं. बाहेरच्या बाकांवरचे पेशंट खोकायचे थांबले.

"मोठ्या आवाजाने यांची छाती धडधडते," डॉक्टर म्हणाल्या. "फटाका, कुकरची शिट्टी, काहीही. आजाराने इतरांना धोका नाही. पण बंदूक हातात घेतली की यांना घाम फुटतो. लायसन मिळाल्यापासून बारा वर्षांत यांनी एकही गोळी झाडलेली नाही."

बाहेर कोणीतरी फिसकन हसलं. रुपराव आपल्या चपलांकडे पाहू लागले. बारा वर्षं गावात मिशीला पीळ देत फिरलेला माणूस, त्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "पण बागेत तर बार वाजते. सारं शिवार ऐकते. तो कोण काढते गा, रुपराव?"

रुपराव मिशी चाचपू लागले. हवालदारांनी डॉक्टरांकडे पाहिलं.

डॉक्टरांनी पान उलटलं, वाचलं आणि फाइल मिटली. "ते दुसऱ्या व्यक्तीबद्दल आहे. त्यासाठी त्यांची संमती लागेल."

खोलीत दुसरी व्यक्ती एकच होती. प्रेमिलाबाई पदर सावरून खिडकीबाहेर पाहू लागल्या, जणू धंतोलीची गर्दी त्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होत्या.

हवालदारांनी रुपरावांचा अर्ज घडी करून बाजूला ठेवला आणि बॅगेतून नव्या लायसनचा एक कोरा फॉर्म काढला.

"मी काही ऐकलं नाही," ते म्हणाले. "ताई, तुमचं पूर्ण नाव सांगा."