जड चाललंय

"सुलू, चहा नंतर. आधी काट्यावर उभी राहा."

बाथरूमच्या दाराआडून मी हे ऐकलं आणि बाहेर यायचं लांबवलं. पुढचा नंबर माझा होता. लंडनला निघायला आठवडा होता आणि विमानात चढणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं बाबा वजन करत होते. त्यात आई आणि मीही आलो.

बाबा विमानाला घाबरतात असं म्हटलेलं त्यांना चालत नाही. "भीती नाही गं. वजन म्हणून काही असतं की नाही?" घाटकोपरला आमच्या बिल्डिंगवरून विमानं इतकी खालून जातात की चाकं मोजता येतात. बाबा चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभे राहतात आणि प्रत्येकाला एकच शेरा देतात, "जड चाललंय." ते नीट उतरलं तरी मत बदलत नाही. "आज निभावलं," म्हणतात.

बाबांची मोठी बहीण, शैलाआत्या, बावीस वर्षांपूर्वी लंडनला गेली. ती दरवर्षी बोलवायची आणि दरवर्षी नेमकी बाबांची पाठ धरायची. यंदा आत्याला नात झाली. बारसं ख्रिसमसच्या दिवशी, कारण सगळ्यांना तेव्हाच सुट्टी. पाळणा ख्रिसमस ट्रीखाली आणि गुरुजी दादरहून व्हिडिओ कॉलवर.

"फक्त वरवंटा नाही रे बाळू," आत्या फोनवर म्हणाली. "बाळाच्या आधी पाळण्यात घालायला काहीतरी हवं ना? सॉसची बाटली गुंडाळते कुंचीत."

आई आणि मी खूप हसलो. बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तिकिटं काढा."

मग काटा आला. आईच्या चकल्या निम्म्यावर आल्या. माझ्या तीन पुस्तकांचं एक झालं, आणि तेही बाबांनी उघडून पाहिलं. "हे अर्धं वाचलंयस ना? मग अर्धंच ने."

"मी केस कापून येऊ का?" आईने विचारलं.

बाबा खरंच विचारात पडले.

दुपारच्या विमानासाठी आम्ही सकाळी सातला एअरपोर्टवर हजर होतो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "किती जण?" बाबा म्हणाले, "आम्ही तिघं. हलके आहोत. बाकीच्यांचंही नीट बघताय ना?" मी तेवढ्यात दुसऱ्या कुटुंबातली असल्यासारखी उभी राहिले. ते मला जमतं. रिक्षा घराच्या पुढे गेली तरी "थांबा" म्हणायला माझ्या तोंडून आवाज फुटत नाही. मी पुढे उतरून चालत मागे येते.

सिक्युरिटीला बाबांची खांद्यावरची बॅग अडली. अधिकाऱ्याने चेन उघडली. आतून लाल काठाची, झालरीची बाळाची कुंची निघाली. कुंचीच्या आत आमच्या ओट्यावरचा काळा वरवंटा. चार किलोचा तरी असेल.

"ये क्या है?"

"साहेब," बाबा म्हणाले, "ये पहिले बच्चा बनता है. असली बच्चा बाद में."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. अधिकारी हसला नाही. पत्थर केबिनमध्ये जाणार नाही, काउंटरवर परत जाऊन सामानात टाका, नाहीतर इथे सोडा, असं त्याने सांगितलं.

"अहो, मोठ्या बॅगेत का नाही टाकलात?" आई म्हणाली.

"बॅगा हरवतात." बाबांनी वरवंटा दोन्ही हातांनी उचलून घेतला. "तुम्ही दोघी जा. मी ह्याला घेऊन घरी जातो."

"बघ, शेवटी मिळाला ना बहाणा!" आई मला म्हणाली.

मलाही तेच वाटलं. पण बाबा आमच्याकडे बघतच नव्हते. ते कुंचीचे सुटलेले बंद पुन्हा बांधत होते, हनुवटी असते त्या जागी, फार घट्ट होणार नाहीत असे.

"आईने शैलाच्या बारशाला हाच घातला होता," ते वरवंट्यालाच सांगितल्यासारखं म्हणाले. "माझ्याही. आणि तिच्या नातीला सॉसची बाटली?"

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे चलो ना, अंकल!" अधिकाऱ्याने ट्रे पुढे ढकलला आणि आईला विचारलं, "मॅडम, जाने वाले कितने हैं? दो या तीन?"

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली. विमानाला अजून साडेतीन तास होते.

"चार," मी म्हणाले, अख्ख्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "आम्ही चौघं आहोत. ह्याला सामानात टाकून येतो. थांबा!"