कुकीचं न्हाणं

समाधान आहेर अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा आणि इंदिरानगरात संसार. कारखान्यात त्याला 'साहेब' म्हणत, घरात 'अहो, तेवढं दळण' म्हणत. याचं त्याला काही वाटत नसे. त्याचं खरं दुखणं होतं सासुरवाडीला.

सासरे पुंजाराम यांची मखमलाबादला गुलाबाची शेती. खातंपितं घर, माणसं प्रेमळ. पण जावयाला म्हणून जो मान असतो, तो समाधानच्या वाट्याला काही येत नव्हता. मागच्या धोंड्याच्या महिन्यात त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारशांचं ताट पुढं ठेवलं, आणि नेमका तेव्हाच बंगलोरहून मेहुण्याचा, म्हणजे राजचा, फोन आला. सगळं घर फोनकडे धावलं. परत येऊन बघतात तर ताट रिकामं! (रिकामं नव्हतं. बरेच अनारसे शिल्लक होते. पण 'दाजींनी ताट चाटूनपुसून साफ केलं' ही कथा मखमलाबादेत अजून चवीनं सांगितली जाते.)

आता पुन्हा धोंडा आला होता, तोही ऐन उन्हाळ्यात. यंदा तरी मान मिळवायचाच, असं समाधाननं मनोमन ठरवलं होतं. त्यामुळे राज जेव्हा एक पिंजरा घेऊन मखमलाबादला आला आणि म्हणाला, "मला कंपनी परदेशी पाठवतेय. हिला कोण सांभाळेल?" तेव्हा बाकीचे एकमेकांकडे बघत असतानाच समाधान छाती काढून म्हणाला, "मी आहे ना!"

पिंजऱ्यात काय आहे, हे त्यानं त्यानंतर पाहिलं.

उंदराचे कान, सशाचं अंग आणि खारीची शेपटी असा तो ऐवज होता. चिंचिला म्हणे. हौसेनं बंगलोरला मिळवलेलं लहान पिल्लू, नाव कुकी. "दाजी, तीनच गोष्टी सांभाळा," राज म्हणाला. "गारव्यात ठेवायचं. खायला वाळलेलं गवत. आणि अंगाला पाण्याचा थेंब लावायचा नाही. ती या पावडरीत लोळते, तीच तिची आंघोळ."

"अरे, स्टोअरमध्ये हजार वस्तू सांभाळतो मी!" समाधान म्हणाला. (त्या वस्तू उन्हानं मरत नाहीत, हे त्याला घरी गेल्यावर सुचलं.)

घरी बेडरूममध्ये एसी होता. बिलाच्या धास्तीनं तो आजवर फक्त पाहुण्यांना दाखवायला लावला जाई. आता तो कुकीसाठी दिवसभर चालू झाला. समाधानच्या घोरण्यानं ती दचकते, असं त्याची बायको मंजुषा हिच्या लक्षात आल्यावर समाधानची गादी हॉलमध्ये आली. लोडशेडिंगच्या वेळी कुकीला बसायला गार फरशी हवी, म्हणून संगमरवरी पोळपाट फ्रिजमध्ये गेला. मंजुषा ताट पालथं घालून त्यावर पोळ्या लाटू लागली आणि प्रत्येक पोळीला नवऱ्याकडे एकदा बघू लागली.

तरीही सगळं सुरळीत चाललं होतं. पण देवळ्याहून समाधानची आई आली.

नवसाबाई म्हणजे देवळ्यातलं मोठं प्रस्थ. गल्लीत बाळंतीण घरी आली की न्हाऊ घालायला पहिलं बोलावणं त्यांना. त्यांनी पिंजऱ्यात डोकावून पाहिलं तेव्हा कुकी पावडरीत गडाबडा लोळत होती.

"आगं बाई! लेकरू उकिरड्यात लोळतंय आन् तुम्ही बघत बसले?"

"आई, तीच तिची आंघोळ असते," समाधान म्हणाला.

"धुळीत? तुला आशी घातली आसती म्या आंघोळ, तर आज कोनी पोरगी दिली आसती का?"

मंजुषाला हसू आलं. समाधाननं विषय तिथंच सोडला, आणि हीच त्याची चूक झाली. नवसाबाईंनी विषय सोडला की तो त्यांनी हातात घेतलेला असतो, हे पोटच्या पोराला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात मंजुषाचा फोन आला. "अहो, ताबडतोब घरी या. कुकी निम्मी झाली."

"निम्मी म्हणजे?"

"मी भाजी आणायला गेले होते. तेवढ्यात आईंनी तिला न्हाऊ घातलं."

समाधान स्कूटरवरून कसा आला, ते त्याचं त्याला माहीत. हॉलमध्ये नवसाबाई पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात घट्ट गुंडाळलेलं काहीतरी होतं. बाहेर फक्त दोन कान आणि कपाळावर काजळाची तीट. शेजारी धुरीसाठी निखारे फुलत होते.

"तिळाचं तेल जिरवलं, डाळीच्या पिठानं चोळलं, ऊन ऊन पानी घातलं. बघ कशी गप पडलीया!"

समाधाननं कापड सोडलं. एवढी गुबगुबीत कुकी, ती सगळी केसांचीच होती तर! आत बोटभर, तेलकट, थरथरणारा जीव होता. आता पाटावर कसला बसतो! सासुरवाडीच्या उंबऱ्यात तरी उभं करतील का आपल्याला?

"तिची पावडर कुठंय? निदान ती तरी लावू."

"ती व्हय? भांडी घासली म्या. तपेलं बघ कसं लख निघालं!"

पिंजरा, कुकी आणि मंजुषा यांना घेऊन तो जनावरांच्या दवाखान्यात धावला. डॉक्टरांनी कुकीला उलटंसुलटं पाहिलं. "माझी धाव गाई-म्हशींपर्यंत. पण तेल काढायचं ना? वहिनी, ओट्यावर तेल सांडलं की तुम्ही काय टाकता?"

"कोरडं पीठ."

"मग तेच टाका. कॉर्नफ्लॉवर घ्या. आणि गारव्यात ठेवा."

ही फी घेण्याइतकी विद्या नाही, असं म्हणून त्या भल्या माणसानं पैसेही घेतले नाहीत. मग नवरा-बायको कॉर्नफ्लॉवर लावत, झटकत, पुन्हा लावत बसले. समाधान तिच्याशी बोलत होता, "कुकीबाई, माझी अब्रू तुझ्या हातात आहे." एरवी घरातला पसारा बघून करवादणारी मंजुषासुद्धा पिठात माखून हळूच म्हणाली, "जगू दे हो बिचारी." दोनेक दिवसांत कुकी पुन्हा फुगली, गवत कुरतडू लागली. समाधाननं देवापुढं साखर ठेवली.

रविवारी सकाळी राजचा फोन आला. तो परत आला होता आणि वडिलांना घेऊन धोंड्याचं निमंत्रण द्यायला निघाला होता. समाधाननं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आता आपणच कुकीला हातावर घेऊन दारात उभं राहायचं, असा त्याचा बेत होता. तो पिंजऱ्याशी गेला.

स्वयंपाकघरातून नवसाबाई म्हणाल्या, "पाव्हने यायचेत आन् लेकराला पिठाचा वास मारतोय. पानी तापलंय, येकदाच धुते तिला."

"आई, खबरदार!" समाधान ओरडला आणि कुकीला घाईघाईनं उचलायला गेला. कुकी उसळली, सोफ्याखाली पळाली. त्यानं पोटावर पडून हात घातला, जोरात पकडलं, आणि हातात आला तो फक्त केसांचा पुंजका. कुकी पलीकडून बाहेर आली. पाठीवर रुपयाएवढं टक्कल.

त्याच क्षणी बेल वाजली.

मंजुषानं दार उघडताच राज आणि पुंजाराम आत आले. राजनं कुकीला उचललं. टक्कल पाहिलं. समाधानच्या मुठीतले केस पाहिले. समाधाननं डोळे मिटून घेतले.

"घाबरू नका दाजी, केस परत येतील," राज म्हणाला. "लांडगा-कोल्हा झडपायला आला की चिंचिला जीव वाचवायला केस सोडून देते. एखाद्याची फारच दहशत बसली, तरच होतं असं."

समाधाननं एक डोळा उघडला.

"दहशत?" पुंजाराम म्हणाले. त्यांनी जावयाकडे खालपासून वरपर्यंत प्रथमच नीट पाहिलं. "म्हणजे आमचे जावईबापू दिसतात तसे नाहीत म्हणायचं!"

समाधान उठून उभा राहिला. शर्टाची धूळ झटकली, कॉलर सरळ केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सासरे त्याला 'जावईबापू' म्हणाले होते. पुंजारामांनी पिशवीतून निमंत्रणाचा नारळ काढून दोन्ही हातांनी पुढं केला. समाधाननं तो घ्यायला ओंजळ केली.

"याला कोन भितंय, पाव्हनं!" मागून नवसाबाईंचा आवाज आला. "म्या याच्या मागं तपेलं घेऊन हुबी व्हते. मला बघूनच तिनं केस टाकले. ह्योबी ल्हानपनी आसाच पळायचा."

पुंजारामांनी तिकडं पाहिलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नवसाबाई, हातात वाफाळतं तपेलं. आणि राजच्या हातातून कुकी अंग चोरून नेमकी त्या तपेल्याकडे टकमक बघत होती.

"विहीणबाई," पुंजाराम अदबीनं म्हणाले आणि नारळ समाधानच्या ओंजळीवरून तसाच पुढं नेला, "धोंड्याला पहिल्या पाटावर तुम्ही बसायचं. यांनाही आणा सोबत."