खुर्ची उन्हात

गावात सगळ्यांसाठी भांडणाऱ्या कौसाबाईंकडे कुणी काम घेऊन गेलं, की त्या आधी खुर्ची उचलून अंगणात टाकतात. दारात भलामोठा कडुलिंब आहे, पण खुर्ची मुद्दाम त्याच्या सावलीबाहेर. "आदी उन्हात बसा, मग बोला." मी शेजारी, त्यात शाळेतला गुरुजी, पण मलाही सूट नाही. माझ्या टकलाला विचारा.

सध्या देवगाव फाट्यावर रस्त्याचं काम चाललंय. मजूर सगळे बिहारकडचे. बाई रोज तिथं जाऊन हिंदीत ओरडतात, "अरे बाबा, छाव में बैठो, धूप लय कडक है!" आणि सावली म्हणाल तर नावालाही नाही. मध्यंतरी एक मजूर डांबराजवळच कोसळला. तेव्हापासून बाईंनी गुत्तेदाराच्या, म्हणजे रस्त्याच्या कंत्राटदाराच्या, मागे लकडा लावला: भर दुपारी काम बंद ठेव आणि मांडव घाल. तो दाद देईना.

नेमकी तेव्हाच आमच्या मंडळाला बाईंच्या सत्काराची हुक्की आली. चिटणीस मीच. थंड हवेचं सभागृह ठरवलं आणि देणगीच्या आशेनं पाहुणा म्हणून त्याच गुत्तेदाराला बोलावलं. बाई म्हणाल्या, "घेते की सत्कार. पन फाट्यावर, दुपारचा. अन् मांडव न्हाई."

"मावशी, पाहुणे वितळतील!"

"वितळू द्या."

झाला सत्कार. ऐन मे महिना, वरून आग ओततेय, आणि आम्ही रीतीप्रमाणे बाईंच्या खांद्यावर लोकरीची शाल घातली! गुत्तेदारानं भाषणाच्या पहिल्याच वाक्याला रुमाल काढला, दुसऱ्याला पाणी मागितलं.

"तुमाला घडीभर सोसंना," बाई म्हणाल्या, "हे लोक दिसभर हायत. गार हवेची मशीन तुमच्या घरात, अन् तापलेलं जग यांच्या डोक्यावर. हा कुठला इन्साफ?"

"उद्यापासून दुपारी काम बंद. मांडवबी घालतो," तो घाम पुसत म्हणाला.

"उद्या न्हाई. आत्ता."

त्यानं हात वर केला, तशी फावडी खाली पडली. बाईंनी शाल दोन काठ्यांना बांधली आणि तिच्याखाली एका मजुरणीचं तान्हं निजवलं.

सत्काराचा नारळ द्यायला मी त्यांना शोधत गेलो, तर त्या रोलरच्या आडोशाला फोनवर होत्या. त्यांचा मुलगा सुरतेला इमारतीच्या कामावर असतो. दोन दिवाळ्या झाल्या, घरी आलेला नाही.

"सावलीत हायस का रे?... न्हाई?" मग अगदी हळू, "तिथं कुनी हाय का, तुमच्यासाठी भांडनारं?"

फोन ठेवून त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मी नारळ पुढे केला.

"गुर्जी," त्या म्हणाल्या, "सुरतेला गाडी कुठून मिळती?"