खात्री द्यायची नाही

चष्मेवाल्यांच्या घराला कुलूप लावणं हे एका माणसाचं काम नव्हतं. चष्मेवाले कुलूप लावत, त्यांची बायको ते बघत उभी राही, आणि समोरच्या काकू दार किलकिलं करून दोघांकडे बघत. कुलूप लावलं की चष्मेवाले ते ओढून बघत. मग थोड्या पायऱ्या उतरत, पुन्हा वर येऊन ओढत. तेवढ्यात गॅस बंद केला होता का, अशी शंका येई. ती आली की कुलूप उघडावं लागे, आणि कुलूप उघडलं की सगळं पहिल्यापासून. चष्मेवाल्यांना यात काही मौज वाटत होती अशातला भाग नाही. कुलूप लागलंय हे त्यांना कळत होतं, पण पटत नव्हतं. कळणं आणि पटणं यांच्यामधल्या जिन्यावर हा माणूस वर्षानुवर्षं चढउतार करत होता, आणि आता पार दमला होता.

चष्मेवाले चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत. गिऱ्हाइकासमोर भिंगं बदलत "हे बरं दिसतंय, की ते?" असं दिवसभर विचारत. गिऱ्हाइकांचा त्यांच्यावर जीव होता, कारण कोणी कितीही वेळा "परत दाखवा" म्हणालं, तरी ते वैतागत नसत. परत बघावंसं वाटणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. दुकानाचे मालक मात्र वैतागले होते. "यापुढे एकदा जरी उशीर झाला, तरी तुम्ही घरीच बसा," असं त्यांनी साफ सांगितलं होतं.

डॉक्टरांनी या दुखण्याला मंत्रचळ असं नाव सांगितलं होतं. मग परगावी राहणाऱ्या मुलीने एक पुस्तक पाठवलं. आपले विचार आणि आपलं वागणं बदलून या आजाराशी आपलं आपण कसं झुंजायचं, ते त्यात होतं. चष्मेवाल्यांनी ते नुसतं चाळलं. त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची, सगळं जग तिला बाई म्हणायचं. बाईंनी पुस्तक लाल पेन घेऊन वाचलं.

"यात लिहिलंय, शंका आली तर येऊ द्यायची. तिच्यामागे धावायचं नाही," बाई म्हणाल्या. "अस्वस्थ वाटेल, त्याला शंभरपैकी गुण द्यायचे. थांबलं की गुण आपोआप उतरतात."

"आणि नाही उतरले तर?"

"उतरतात. आणि हे बघा, इथे ठळक छापलंय. घरच्यांनी रुग्णाला खात्री द्यायची नाही. तुम्ही विचारणार, 'कुलूप लागलं ना?' मी म्हणणार, 'असेल किंवा नसेल.'"

"अगं, असं काय करतेस?"

"मी नाही करत. पुस्तक करतंय."

बाई हाती घेतलेलं काम अर्धवट सोडत नसत. काकूंकडे घराची जादा किल्ली असायची, कारण चष्मेवाले दुकानातून फोन करून त्यांना गॅस बघायला लावत. बाईंनी ती किल्ली काढून घेतली. तरी काकू एकदा चुकल्याच. चष्मेवाल्यांचा रडवेला आवाज ऐकून "लागलंय हो कुलूप, जिवाला लावून घेऊ नका," असं बोलून गेल्या. त्यावर बाईंनी त्यांना अशा काही शब्दांत समज दिली, की काकूंना त्या वयात गृहपाठ विसरल्यासारखं वाटावं.

"ते काहीही विचारू देत, कितीही गयावया करू देत," बाई म्हणाल्या, "तुम्ही काहीही सांगायचं नाही. हा त्यांच्या औषधाचा भाग आहे."

खरी परीक्षा सोमवारी ठरली. कुलूप एकदाच ओढायचं आणि मागे वळून न बघता निघायचं. नेमके त्याच वेळी बाईंचे वडील मुक्कामाला आले होते. सकाळी ते "बहिणीकडे जातो, संध्याकाळी येईन," म्हणून निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर कवळी विसरल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. ते परत आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, चष्मेवाले आंघोळीला गेले होते आणि बाई स्वयंपाकघरात डबे भरत होत्या. सासरेबुवा मागच्या खोलीत गेले, कवळी लावली, आणि आलोच आहोत तर जरा पाठ टेकू म्हणून आडवे झाले.

चष्मेवाल्यांनी कुलूप लावलं. एकदाच ओढलं. ते जिना उतरू लागले आणि पहिल्याच वळणावर थबकले.

"अगं, आतून खोकल्याचा आवाज आला."

बाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "गेल्या महिन्यात गॅसचा वासही आला होता."

"पण हा तुझ्या बाबांचा खोकला होता!"

"बाबा केव्हाच गेले. किती गुण?"

"नव्वद."

"छान. चला."

चष्मेवाले दुकानात वेळेवर पोचले. मालकांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. चष्मेवाल्यांचं मात्र कशात लक्ष नव्हतं. म्हातारा माणूस आत कोंडलाय, तो पडला असेल, त्याला दम लागला असेल, अशी चित्रं भिंगागणिक पालटत होती. शेवटी त्यांनी काकूंना फोन लावला.

इकडे काकूंची वेगळीच तारांबळ उडाली होती. सासरेबुवांना जाग येऊन त्यांनी दार ठोकायला सुरुवात केली होती. त्यांचा मोबाइल बंद पडलेला, चार्जर त्यांच्या गावी. काकूंनी जिन्याकडच्या खिडकीच्या गजांतून त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, आणि बाईंना फोन केला. बाईंचा फोन बंद. शाळेच्या ऑफिसात लावला, तर कळलं की परीक्षा चालू आहे, बाई वर्गावर आहेत. "त्यांना सांगा, त्यांचे वडील घरी आहेत," काकू म्हणाल्या. शिपायाने निरोप शब्दशः पोचवला. बाई म्हणाल्या, "हो, परवाच आलेत," आणि कॉपी करणाऱ्या मुलीकडे वळल्या.

अशात चष्मेवाल्यांचा फोन आला.

"काकू, एकच विचारतो. आमच्या घरात कोणी आहे का हो?"

काकूंनी डोळे मिटून घेतले. खरं सांगावं तर बाई, न सांगावं तर हा म्हातारा. आणि म्हातारा तर सुखरूप होता, चहात बिस्किट बुडवत होता.

"असेल," त्या म्हणाल्या, "किंवा नसेल."

"काकू, तुमच्या पाया पडतो."

"मला माहीत नाही."

एवढ्यात दुसरा चहा हवा म्हणून सासरेबुवांनी पातेल्यावर डाव बडवायला सुरुवात केली.

"तो ठणठण आवाज कसला?" चष्मेवाले ओरडले.

"तुम्हाला आवाज येतोय?"

"हो!"

"येऊ दे," काकू कनवाळूपणाने म्हणाल्या. "त्याच्यामागे धावू नका. जाईल आपोआप." आणि त्यांनी फोन ठेवला.

चष्मेवाले भिंगांच्या पेटीवर हात टेकून बसून राहिले. आता पुन्हा फोन केला की सगळी मेहनत पाण्यात, हे त्यांना कळत होतं. नव्वद होते ते पंचाण्णव झाले. गिऱ्हाईक आलं, त्यांनी भिंगं बदलली. दुसरं आलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या ध्यानात आलं, की बराच वेळ आपण सासरेबुवांना विसरलोच होतो. सत्तर. दुपार कलली तशी मनातली चित्रं फिकी पडत गेली. दुकान बंद होताना त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की त्यांनी कित्येक वर्षांत पहिल्यांदाच शीळ घातली.

संध्याकाळी बाई त्यांना बसथांब्यावर भेटल्या. "दहा," चष्मेवाले दुरूनच म्हणाले. बाईंचा चेहरा उजळला. घाई कसली म्हणून दोघं चालतच निघाले आणि वाटेत कधी नव्हे ते आइस्क्रीम खाल्लं.

जिन्यात शेजारीपाजारी जमले होते. खिडकीच्या गजांमागे सासरेबुवा उभे होते.

"आलात?" ते म्हणाले. "या. घर तुमचंच आहे."

बाईंनी कुलूप काढलं, तेव्हा किल्ली त्यांच्या हातातून निसटून पडली. सासरेबुवा बाहेर आले आणि मोकळा श्वास घेऊन थेट जावयावर घसरले. "जावईबापू, मी सकाळी एवढा खोकलो! एकालाही ऐकू जाऊ नये?"

"मला गेलं होतं," चष्मेवाले हळूच म्हणाले.

सगळे बाईंकडे बघू लागले. बाई भिंतीला टेकल्या.

"मलाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मलाही ऐकू आला होता. स्पष्ट. मला वाटलं, इतकी वर्षं तुमच्याबरोबर राहून आता मलाही व्हायला लागलं. मी घाबरले हो. म्हणून तुम्हाला ओढत खाली नेलं."

सासरेबुवांनी लेकीच्या डोक्यावर थोपटलं आणि पाय मोकळे करायला खाली गेले. शेजारी पांगले.

चष्मेवाले खुर्चीत बसले. आयुष्यभर ज्याची भीती वाटली होती, ते आज खरोखरच घडलं होतं. बंद दाराआड माणूस राहिला होता, तोही सासरा. आता आपल्याला काहीतरी भयंकर होणार म्हणून ते वाट बघत होते.

"अहो," बाईंनी घाबरत विचारलं, "काय होतंय?"

चष्मेवाल्यांनी बराच वेळ नीट विचार केला.

"भूक लागलीय," ते म्हणाले.

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी कुकर लावला.

बेल वाजली. दारात काकू होत्या, पदराशी चाळा करत.

"मी चूक नाही ना केली?" त्या म्हणाल्या. "सांगायला हवं होतं का तुम्हाला? त्यांना काही झालं असतं तर?"

"काकू, तुम्ही अगदी बरोबर केलंत," चष्मेवाले म्हणाले. पुस्तकाच्या दृष्टीने हे चुकीचं होतं, पण स्वयंपाकघरातून बाई काही बोलल्या नाहीत.

"नक्की ना?"

"नक्की."

काकू गेल्या. त्यांचं दार लागलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडलं, पावलं वाजली, थांबली, परत फिरली, आणि पुन्हा आली. मग बेल वाजली.

"तसं नव्हे," काकू ओशाळून म्हणाल्या, "पण खरंच ना?"

चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. कित्येक वर्षांत त्यांना कोणाची इतकी माया वाटली नव्हती.

"या काकू, आत या," ते खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. "जेवूनच जा."