'वाळवण'मधलं सातवं गाणं

बाबांच्या दहाव्याचं सगळं नीरजने हातात घेतलं होतं, आणि घेतलं ते अगदी काशीमीऱ्याच्या गोदामातून माल सोडावा तसं. तो तिथे डिस्पॅचला सुपरवायझर. कुठली गाडी किती वाजता सुटणार हे सांगायचं आणि नाही सुटली तर आवाज चढवायचा, हेच त्याचं काम. दहाव्याचाही त्याने तसाच कागद केला होता. साडेआठला घोडबंदरची खाडी, नऊला गुरुजी, सव्वादहाला पिंड, साडेदहाला कावळा, अकराला परत. उर्मिलाआत्याने चष्मा लावून तो कागद वाचला.

"कावळ्याला कळवलंयस का?" ती म्हणाली.

"आत्या, खाडीवर काय कावळ्यांना तोटा आहे? पाच मिनिटांत शिवेल. बघच तू."

हे तो छाती पुढे काढून बोलला खरा, पण दहा दिवसांत त्याला धड झोप नव्हती. का नव्हती, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

ते कळायचं तर आधी 'वाळवण' काय आहे ते सांगायला हवं. उत्तनची व्हॅलेरी नावाची एक मुलगी आहे. ती आपल्या कोळीवाड्याच्या बोलीत रॅप करते. 'वाळवण' हा तिचा नऊ गाण्यांचा अल्बम. गोदामातल्या सॅम्युएलची ती मावसबहीण, म्हणून नीरजने तो आधी भिडेखातर ऐकला. दुसऱ्यांदा आवडीने ऐकला. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्याने इंटरनेटवर लांबलचक अभिप्राय लिहिला. त्याचं मत असं, की अख्ख्या अल्बमचा प्राण सातव्या गाण्यात आहे. त्या गाण्यात ना ठेका, ना वाद्य. मागे लाटा, आणि म्हातारा बाप जाळं विणता विणता मुलीशी काय बोलला, तेवढंच साडेपाच मिनिटं. उलट तिसरं गाणं ट्रकच्या हॉर्नवर बेतलेलं, निव्वळ नाचायचं. ते नीरज दर वेळी पुढे ढकलायचा.

बाबा, म्हणजे सुभाषराव, छापखान्यात तेहतीस वर्षं प्रुफं तपासून निवृत्त झालेले. गिरगाव सोडून मीरा रोडला आले तरी दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका वाचून त्यांना त्रास व्हायचा. मुलगा एवढं कौतुक करतोय तर त्यात काही नाही हे सिद्ध करून दाखवू, म्हणून त्यांनीही 'वाळवण' ऐकलं. नीरज कामावर गेला की दुपारी स्वयंपाकघरात लावून बसायचे. आठवड्याने त्यांनी निकाल दिला.

"भाषा चोख आहे. मुलीला अक्कल आहे. पण सातवं काढून टाकायला हवं. सातवं काढलं की सुटसुटीत होतं."

नीरजचा घास हातातच राहिला. "सातवं? अहो, सगळा अल्बम त्यावर उभा आहे."

"तिसऱ्यावर उभा आहे. तिसरं ऐकताना मला भरून येतं."

ट्रकच्या हॉर्नवर भरून येणारा माणूस नीरजने पहिल्यांदाच पाहिला, आणि तो नेमका आपला बाप निघाला. तेव्हापासून सहा महिने त्या घरात दुसरा विषय नव्हता. चहाला सातवं, जेवताना तिसरं. बाबांना पान नंबर, ओळ नंबर असंच बोलायची सवय, त्यामुळे भांडणही सगळं नंबरांवर. शेवटी एका सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता नीरज म्हणाला, "बाबा, तुम्हाला गाण्यातलं काहीही कळत नाही. यापुढे हा विषय नको."

बाबा एवढंच म्हणाले, "बरं."

त्याच दुपारी झोपेतच ते गेले. नीरज धावत घरी आला तेव्हा आईच्या शेजारी सोसायटीतल्या चार बायका बसल्या होत्या, आणि बाबांचा चष्मा कुणीतरी नीट घडी घालून ठेवला होता.

तर घोडबंदरला पिंड ठेवला सव्वादहालाच. नीरजच्या कागदाप्रमाणे. समोरच्या तिवरांवर वीसेक कावळे बसले होते. त्यातला एक खाली उतरला, पिंडाकडे तिरपा बघून परत जागेवर जाऊन बसला. साडेदहा वाजले. पावणेअकरा वाजले.

"काहीतरी इच्छा राहिलीय," आत्या म्हणाली. "बोला रे कुणीतरी."

नीरजची धाकटी बहीण संजना पुढे झाली. हात जोडून म्हणाली, "बाबा, आईला मी कधी एकटं पडू देणार नाही." कावळे ढिम्म.

"सोसायटीच्या मागे लागून गच्चीची गळती काढून घेऊ," ती डोळे पुसत म्हणाली, कारण गळतीसाठी बाबांनी सोळा पत्रं लिहिली होती. कावळ्यांना गळतीचं काही नव्हतं.

आता आत्याने पदर खोचला. "दादा, नीरजचं लग्न मी वर्षाच्या आत लावून देते."

"आत्या, अगं..."

"तू गप्प बस. तुझ्याशी नाही बोलत मी." एका कावळ्याने मान खाजवली. "बरं दादा, मुलगी त्याच्या पसंतीची. मी मध्ये बोलणार नाही." भावासाठी ती याहून जास्त काही देऊ शकत नव्हती, आणि तरी कावळा हलला नाही.

सॅम्युएल सकाळपासून टोपी हातात धरून मागे उभा होता. तो हळूच नीरजच्या कानाशी आला. "हे कावले बंदरावरचे हाय. ताजी मासली खातात. भाताला हात लावनार न्हाय. एखादा बोंबील ठेव बाजूला."

गुरुजींनी ते ऐकलं आणि सॅम्युएलकडे असं बघितलं, की तो चार पावलं मागे सरकला. मग गुरुजींनी घड्याळ बघितलं. "मला अजून एका दहाव्याला जायचंय. पाच मिनिटं बघू. नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात आहे तसं."

"माझ्या भावाला गवताचा कावळा?" आत्याला रडूच आलं.

गुरुजी मवाळ झाले. "मनात काही राहिलेलं असतं, ताई. शेवटी शेवटी कुणाशी काही बोलणं झालं होतं का?"

दहा दिवस दाबून ठेवलेलं सगळं नीरजने तिथे खाडीकाठी सांगून टाकलं. सातवं गाणं, तिसरं गाणं, बुटाची नाडी आणि ते "बरं".

आत्याने पदराने नाक पुसलं. "गाण्यावरून बापाला असं बोललास?"

"अल्बमवरून."

"मग सांग त्याला, सातवं वाईट आहे म्हणून. मोकळा होऊ दे."

"पण ते वाईट नाहीये, आत्या."

"नीरज."

"अगं, मी काहीही कबूल करीन. पण ते गाणं..." ते गाणं ऐकताना त्याला दर वेळी बाबाच दिसायचे, लाल शाईचं पेन घेऊन कागदावर वाकलेले. म्हणून तर त्यांना ते आवडावं असं त्याला इतकं वाटत होतं. पण हे तो त्यांना कधी बोलला नव्हता, आणि आता आत्याला काय सांगणार?

त्याने सॅम्युएलकडे बघितलं. सॅम्युएलने टोपी छातीशी धरली. "बोल तू. व्हॅलेरीला मी समजावतो."

नीरज पिंडासमोर गेला आणि पुटपुटला.

"मोठ्याने," आत्या म्हणाली. "त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं."

"बाबा," नीरज मोठ्याने म्हणाला, "सातवं गाणं वाईट आहे. ते काढलं की अल्बम सुटसुटीत होतो. तुमचं बरोबर होतं. मला माफ करा."

तिवरांवरून एक कावळा उतरला, टुणटुणत आला आणि पिंडाच्या बरोबर मध्यावर चोच मारून गेला. संजनाने भावाचा दंड घट्ट धरला. गुरुजींनी हात जोडले, आणि तेही जरा हबकलेले दिसले.

गेलेल्या माणसाला दिलेला शब्द. तो नुसता खाडीवर बोलून भागत नाही, असं नीरजला वाटलं. परतताना सॅम्युएलच्या गाडीतच त्याने मोबाइल काढला आणि आपल्या अभिप्रायाखाली लिहिलं, "सातव्या गाण्याबद्दल माझं मत बदललं आहे. ते या अल्बमला ओझं आहे." दोन मिनिटांत व्हॅलेरीचं उत्तर आलं. "काय झालं दादा?" त्याने मोबाइल खिशात ठेवून दिला.

घरी आई, मृणालिनीबाई, दाराशीच वाट बघत होती. आत्याने चप्पल काढायच्या आत सगळी हकीकत सांगितली, आणि कावळ्याची चोच तर हाताने करून दाखवली.

आई शांतपणे ऐकत होती. "सातवं वाईट, हे तर ते रोजच म्हणायचे," ती म्हणाली. "मलाही नाही आवडत ते. केवढे ते ट्रकचे हॉर्न."

"हॉर्न तिसऱ्यात आहेत, आई."

"नाही रे. तिसऱ्यात तो जाळं विणणारा बाप आहे."

नीरज उभा होता तो खुर्चीवर बसला.

आईने फ्रीजवरचा छोटा स्पीकर काढला. संजनाची मुलगी पिंकी दिवाळीत आली होती, तिने आजोबांना सगळा अल्बम पेनड्राइव्हवर घालून दिला होता. घालताना गाणी मागेपुढे झाली, हे तिलाही कळलं नव्हतं आणि आजोबांना कळायचं कारणच नव्हतं, कारण स्पीकरवर गाण्याचं नाव येत नाही, नुसता आकडा येतो. आईने बटण दाबत दाबत सात आणलं. स्वयंपाकघरभर ट्रकचे हॉर्न वाजले. मग तिने तीन आणलं. लाटांचा आवाज सुरू झाला.

"हे लागलं की मला बोलू द्यायचे नाहीत," आई म्हणाली. "कुकरची शिटी झाली तरी चिडायचे. एकदा म्हणाले, याने एवढं लांबलचक लिहिलंय, मग याला हे कसं आवडत नाही? मलाच नीट समजावून सांगायला हवं त्याला."

नीरज तोंडावर हात धरून रडला. लहान पोरासारखा, हुंदके देत. दहा दिवसांत तो पहिल्यांदाच असा रडत होता, आणि आईने त्याला रडू दिलं. गाणं संपेपर्यंत संजनाही भिंतीला टेकून बसून राहिली.

साडेपाच मिनिटांनी आत्याने चोरट्या आवाजात विचारलं, "पण मग कावळा शिवला तो?"

"बरोबर शिवला, आत्या," नीरज म्हणाला. "बाबांचं सातवं खरंच वाईट आहे."

"तुझंही तेच मत होतं ना?" आई म्हणाली. "मग सहा महिने भांडलात कशावर?"

नीरजने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि सकाळचं लिहिलेलं खोडून नवीन लिहिलं. "सातवं गाणं हा या अल्बमचा प्राण आहे. माझ्या बाबांचंही हेच मत होतं." ते पाठवून तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला, कुणी काही म्हणतंय का ते पाहत.

व्हॅलेरीचं उत्तर आलं.

"दादा, उन्हात जास्त उभा राहिलास का? जेवून घे आणि झोप जरा."