कौसाआक्कांचं ‘जमलं तर’

आमच्या गावच्या महिला भजनी मंडळाच्या प्रमुख कौसाआक्का यांना गाता येत नाही. म्हणजे बेताचं येतं असं नव्हे, अजिबातच येत नाही. त्यांनी ‘रामकृष्ण हरी’ सुरू केलं की मृदंगवाला आधी त्यांच्याकडे बघतो, मग देवाकडे बघतो आणि शेवटी आपलं आपलं वाजवू लागतो. आक्कांना हे पक्कं ठाऊक आहे. “मला गळा असता तर म्होरं बसून गायले असते. न्हाई, म्हनून समद्यांला बोलवत फिरते,” असं त्याच सांगतात.

मी त्यांचा शेजारी. माझी पिठाची गिरणी आणि त्यांचं घर यांच्यात एकच भिंत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक जामखेडला दिलेली. घरात त्या एकट्याच.

आक्का कुणाला हुकूम सोडत नाहीत. “बघा, जमलं तर,” एवढंच म्हणतात आणि तुमच्या ओट्यावर बसतात. चहा नको, पाणी नको. तुम्ही हो म्हणेपर्यंत नुसत्या बसतात. देवळाचा रंग, शाळेपुढचा बुजवलेला खड्डा, सगळं या ‘जमलं तर’वर झालेलं आहे. खड्ड्याच्या वेळी मी जमणार नाही असं सांगून पाहिलं. त्या गिरणीच्या दारात बसून राहिल्या. दळण घेऊन येणारा प्रत्येक जण आधी त्यांना आणि मग मला विचारी, काय झालं? संध्याकाळी मी फावडं घेऊन खड्ड्यावर हजर.

यंदा मार्गशीर्षातल्या सप्त्यावर बाका प्रसंग आला. सप्त्यात वीणा देवापुढे अखंड असते आणि ती गळ्यात घेणारा उभ्यानं नामस्मरण करत राहतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण सप्ता संपेपर्यंत भुईला टेकत नाही. टेकली की सप्ता मोडला. आणि वीणा घेऊन पहारा देणारे निम्मे गडी कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेले. आमचे जुने विणेकरी नाना म्हणाले, “औंदा सप्ता ऱ्हाऊ द्या. मानसंच न्हाईत.”

“बाया हायेत की,” आक्का म्हणाल्या.

“बायांच्या गळ्यात वीणा? आपल्यात कधी झालं न्हाई.”

दुसरं कुणी असतं तर भांडलं असतं. आक्का सरळ नानांच्या ओट्यावर जाऊन बसल्या. “नाना, तुमच्याइतकं कुनाला कळतंय? कशी धरायची तेवढं आमाला शिकवा. जमलं तर.” नाना तणतणत घरात गेले. बाहेर आले तर आक्का तिथंच. पुन्हा आत गेले. तिन्हीसांजेला बाहेर आले ते वीणा घेऊनच.

बायांनी पहारे झकास केले. सप्ता संपतो त्या काल्याच्या आदल्या दिवशी मात्र घोळ झाला. शेतीची लाईट आमच्याकडे कधी येईल याचा नेम नाही, आणि आली की माणूस ताटावरून उठून मोटारीकडे पळतो. त्या दिवशी ती सकाळीच आली. कांद्याची लागण चाललेली, त्यामुळे सगळं गाव रानात. माझंही पोट लाईटवरच, म्हणून मी गिरणीत.

देवळाच्या भोंग्यावर आक्कांचा पहारा सुरू झाला. “आज कांदा वाकडा उगवतोय,” असं म्हणून माझी बायको मंदा हसत रानात गेली. दुपारी ती आक्कांना सोडवायला देवळात गेली आणि लगेच परत आली. “आक्काच म्हनल्या, आदी कांदा भिजवून घे.” मंदाच्या मागून जाणाऱ्या बायांनाही आक्कांनी असंच परत पाठवलं. प्रत्येकीला वाटलं, आपल्यानंतरची जाईल. ऊन कललं तरी भोंग्यावर तोच आवाज, फक्त आता बसत चाललेला.

मग लाईट गेली. मोटारी थांबल्या, गिरणी थांबली, भोंगाही थांबला. भोंगा लाईटमुळे थांबला हे कळत होतं. तरी वाटलं, आक्का पडल्या आणि वीणा टेकली. मी पिठाच्या अंगानं तसाच पळत सुटलो. रानातून चिखलाच्या हातांनी बाया पळत येत होत्या आणि त्यांच्या पुढे नाना.

आक्का उभ्या होत्या. आवाज पार गेलेला, ओठ तेवढे हलत होते. वीणा गळ्यातच होती.

मंदाला रडू फुटलं. “आमाला माघारी धाडलं, मग तुमाला कोन सोडवनार हुतं आक्का?”

नानांनी हात धुतले. वीणा घेण्याआधी देणाऱ्याच्या पाया पडायची रीत आहे. नाना वाकले, आक्कांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मगच वीणा आपल्या गळ्यात घेतली.

मी आक्कांना खांबाशी टेकवून बसवलं, पाणी दिलं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. “मनातल्या मनात म्हनायचं की! एवढं भोंग्यावर वरडायचं कशाला?”

त्या हसल्या. “घरात हाक मारली तर ओ द्यायला कुनी न्हाई रं. हितं समदं रान ऐकत हुतं.”

दुसऱ्या दिवशी काला झाला. वीणा टेकली नाही.

त्याच सांजेला मी आक्कांच्या ओट्यावर जाऊन बसलो. “मंदानं भाकरी टाकल्यात. आजपासनं रोज आमच्यात जेवायचं. जमलं तर.”

“कशाला रं? एकल्या जिवाला लागतंय किती?”

मी नुसता बसून राहिलो. अंधार पडायला लागला तशी आक्कांनी दाराला कडी घातली आणि पायांत चपला सरकवल्या.