क्वालिफाइड पारखी

दिनकर पारखी पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा त्यांनी माझ्या श्रीखंडाला नॉन-क्वालिफाइड ठरवलं. पुरी क्वालिफाइड, भाजी क्वालिफाइड, वरणभाताचा तर प्रश्नच नव्हता. श्रीखंडाच्या वाटीकडे मात्र ते जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "स्मिताताई, हे काही पोट भरायला नाही. हे चैनीत येते. यावर दहा टक्के दंड बसला पाहिजे." मग दोन वाट्या खाल्ल्या.

वेस्ट विंडसरला आमच्याच रस्त्यावर त्यांचं घर आहे. माणूस मूळचा नागपूरचा, एका औषध कंपनीत आकडेमोडीच्या नोकरीवर. पंचवीस वर्षं अमेरिकेत काढली, पण अजून 'करून राहिलो' आणि 'जाऊन राहिलो' तसंच. माझ्या नवऱ्याचे मित्र म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांच्या माघारी काय म्हणते, ते इथे लिहीत नाही.

क्वालिफाइड हा शब्द त्यांना मुलीच्या कॉलेजच्या खात्यामुळे जडला. शिक्षणासाठी इथे एक खास खातं उघडता येतं. त्यात पैसे वाढले तर त्या वाढीवर सरकार टॅक्स घेत नाही. अट एवढीच, की ते फी, पुस्तकं, राहणं-खाणं अशा ठरलेल्या खर्चालाच वापरायचे. या खर्चाचं नाव क्वालिफाइड. दुसऱ्या कशाला वापरले, तर वाढीवर टॅक्स आणि वर दहा टक्के दंड. आम्ही बाकीच्यांनी हे एकदा वाचलं, सही केली आणि विसरून गेलो. पारखींनी ते पाठ केलं.

त्यांची ईशा मॅसॅच्युसेट्सला कॉलेजात निघाली, तेव्हा तिच्या खरेदीला मीही बरोबर गेले होते. चूक माझी. टेबल लॅम्पपाशी भाऊजी थांबले आणि त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "इज धिस रिक्वायर्ड?"

"रिक्वायर्ड फॉर व्हॉट, सर?"

"फॉर एज्युकेशन."

"बाबा, इट्स अ लॅम्प," ईशा म्हणाली. ती पोरगी तेव्हापासून दुकानात आमच्यापासून दहा पावलं लांब चालत होती.

लॅम्प घेतला, पण भाऊजींच्या खिशातून, आणि घरी येईपर्यंत ते घरातलं कोणी आजारी असल्यासारखे गप्प होते. कॉम्प्युटरचं तर विचारूच नका. कॉलेजने सक्तीचा केला असेल तरच तेव्हा तो खात्यातून घेता यायचा. भाऊजींनी कॉलेजला इतक्या मेल पाठवल्या, की शेवटी तिथल्या बाईंनी फोन करून "नाही" म्हणून सांगितलं. मग त्यांनी केमिस्ट्रीच्या प्रोफेसरांना गाठलं. लॅबमधले गॉगल सक्तीचे आहेत का, तेवढं लिहून द्या. प्रोफेसरांचं उत्तर त्यांनी आमच्या मंडळाच्या दिवाळीत खिशातून काढून वाचून दाखवलं, "येस, गॉगल्स आर रिक्वायर्ड." पुढची ओळ सुट्टीत घरी आलेल्या ईशाने सांगितली, "अँड प्लीज डू नॉट राइट टू मी अगेन."

कॉलेजच्या मेसचे पैसे क्वालिफाइड, म्हणून ईशाने तिथे पोटभर जेवावं, जमलं तर दोनदा. घरी यायचं बसचं तिकीट मात्र यादीत नाही. "म्हणजे घरी येणं नॉन-क्वालिफाइड," असं ते पोरीला फोनवर सांगत होते. मी तिथेच होते. वहिनींनी फोन हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "ईशा, तू ये. तुझ्या बापाला मी बघते."

त्या सुनंदावहिनी. त्यांचं बोलणं कमी, पण मोजकं आणि धारदार. मला सगळ्यात आश्चर्य वाटायचं ते हे, की ही बाई या माणसाबरोबर इतकी वर्षं राहिली कशी.

ईशा तिसऱ्या वर्षाला गेली आणि एके दिवशी भाऊजी उतरलेल्या चेहऱ्याने आमच्या दारात आले.

"वांधा झाला, स्मिताताई. ईशाला स्कॉलरशिप मिळाली."

"अहो, मग पेढे आणा."

"पेढे कसले. खात्यात पैसे उरून राहिले ना."

मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात फी भरायच्या काउंटरवर काम करते. त्यामुळे असल्या गोष्टी लोक मलाच विचारतात. मी म्हटलं, स्कॉलरशिपएवढी रक्कम काढली तर दंड माफ असतो. "दंड माफ, टॅक्स नाही," ते म्हणाले. हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. मग पुढचं त्यांनीच सांगितलं. खात्यावरचं नाव बदलून घरातल्याच दुसऱ्या माणसाचं घालता येतं. ईशाच्या जागी तिची आई.

पुढचा महिनाभर त्यांनी वहिनींच्या डोक्याशी कटकट केली. घरी केली, गाडीत केली, आणि एका शनिवारी आमच्याकडच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, दहा माणसांसमोर केली.

"तू बायॉलॉजी घे. लॅबसकट. पैसे वाया जाऊन राहिले आपले."

"मी सत्तेचाळीस वर्षांची आहे."

"वयाची अट नाही, मी वाचलं आहे. आणि सहा क्रेडिट, म्हणजे अर्धवेळ कॉलेजएवढे विषय घेतले ना, तर तुझं घरचं जेवणसुद्धा क्वालिफाइड होते."

वहिनींनी ताट खाली ठेवलं. "म्हणजे माझ्याच हातच्या पोळ्या मी खाल्ल्या, की सरकार खूश?"

सगळे हसले. मी सगळ्यात जास्त हसले, आणि पुढे तो किस्सा निदान वीस जणांना सांगितला. चार दिवसांनी वहिनींचा मला फोन आला. "फॉर्म कुठे मिळतो गं? हा माणूस मला झोपू देत नाही. पैसे वाया घालवण्यापेक्षा जाते बापडी."

क्लासच्या पहिल्या दिवशी दोघं माझ्या काउंटरवर आले. लॅबची फी भरायची राहिली होती. वहिनी पुस्तक घ्यायला दुकानात गेल्या आणि भाऊजींनी आपली जाडजूड फाइल माझ्यासमोर उघडली. बाकीची फी त्या खात्यातून आल्याचा कागद त्यांना दाखवायचा होता. तो मला नकोच होता, पण त्यांनी सरकवलाच.

मी वाचला, आणि पुन्हा वाचला. खातं सुनंदा पारखी यांच्या नावाचं होतं. नाव बदलल्याची नोंद कुठेच नव्हती. खातं पहिल्यापासून त्यांचंच होतं, आणि ते उघडून चार वर्षं झाली होती.

"भाऊजी, हे ईशाचे उरलेले पैसे नाहीत."

त्यांनी पुस्तकांच्या दुकानाकडे एकदा पाहिलं. "हळू बोला."

"मग ईशाचं खातं?"

"ते गेल्याच वर्षी संपलं. स्कॉलरशिप पुस्तकांपुरती आहे. तिची फी मी पगारातून भरून राहिलो."

ते फाइलची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग आपणहूनच म्हणाले, "लग्न झालं तेव्हा ही बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. मला इकडे यायची घाई. हिच्या वडिलांना म्हटलं, तिकडे गेल्यावर हिचं शिक्षण पूर्ण करीन. मी माझं शिक्षण पूर्ण केलं. हिचं राहिलं. मागे दोनदा म्हणून पाहिलं, आता शीक. म्हणाली, माझ्यावर कशाला पैसे घालवता? स्वतःसाठी खर्च करा म्हटलं तर ती करत नाही. पण पैसे वाया गेलेले तिला बघवत नाहीत. मग तसंच सांगितलं."

"आणि सगळ्यांनी तुम्हाला चिकट म्हटलं."

"ते आधीपासून म्हणतात," ते म्हणाले.

इतक्यात वहिनी हातात जाडं पुस्तक घेऊन आल्या. कपाळावर घाम होता. "बघ स्मिता," त्या मला म्हणाल्या, "या माणसाच्या चिकटपणापायी मला या वयात पोरांच्यात बसावं लागतंय."

"हो ना," भाऊजी म्हणाले.

मी मान खाली घालून पावतीवर शिक्का मारला. तो किस्सा मी ज्यांना सांगितला होता, त्यातले निम्मे चेहरे तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढून गेले.

दोघं कॉरिडॉरने गेले. पुस्तक भाऊजींच्या हातात होतं. वर्गाच्या दाराशी ते त्यांनी वहिनींना दिलं, वहिनींनी पदराच्या सवयीने ओढणी सारखी केली आणि त्या आत गेल्या. क्लास जवळजवळ तीन तासांचा होता. मला वाटलं भाऊजी घरी जातील. ते समोरच्या बाकावर बसले. वाचायला काही आणलं नव्हतं.

मी जेवायच्या सुट्टीत तिकडून गेले, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"स्मिताताई, पहिल्या दिवशी काय करतात हो आत? नाव-बिव विचारतात का सगळ्यांसमोर?"

"विचारतात. काय शिकवणार ते सांगतात. बस."

"इंग्रजीत बोलायला ती थोडी लाजते," ते म्हणाले, आणि बंद दाराकडे बघत राहिले.

मी त्यांच्या शेजारी बसले. डब्यात दोन पोळ्या होत्या, त्यातली एक त्यांना दिली. त्यांनी ती खाल्ली.